पहिला भाड्याचा फ्लॅट: विसारापासून भाडेकरारापर्यंत

राहायला घर घेताना आणि भाड्यानं द्यायला घर घेताना कागद तेच लागतात, गणित मात्र वेगळं. पुण्यात सिंहगड रोडला, वडगाव बुद्रुक भागात एक 2 बीएचके पुनर्विक्रीचा फ्लॅट भाड्यानं देण्यासाठी माझ्या एकटीच्या नावावर घेतला. शोध ऑगस्ट 2024 मध्ये सुरू झाला, पहिलं भाडं मार्च 2025 मध्ये खात्यात आलं. पहिल्यांदा असा व्यवहार करणाऱ्याला जे प्रश्न पडतात ते ज्या क्रमानं समोर आले त्याच क्रमानं लिहिते आहे. आकडे आणि नियम त्या वेळचे आहेत. रेडी रेकनरचे (मुद्रांकासाठी सरकारनं ठरवलेल्या बाजारमूल्याचे) दर 1 एप्रिलला बदलतात आणि इतर शुल्कंही मध्येच वाढतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी ताजा दर बघून घ्यावा.

पहिला प्रश्न नवीन की जुना. बांधकाम चालू असलेल्या घरावर 5 टक्के जीएसटी लागतो (परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर 1 टक्का), हप्ता सुरू होतो आणि भाडं मात्र ताबा मिळेपर्यंत शून्य. तिथे महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, आधार असतो: प्रकल्पाची नोंदणी, मंजूर नकाशे, ताब्याची तारीख सगळं संकेतस्थळावर दिसतं आणि नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. पुनर्विक्रीच्या घरावर जीएसटी नाही, इमारत डोळ्यांनी दिसते, भाडं लगेच सुरू होतं. पण कागद तपासायची जबाबदारी पूर्ण आपली. भाडं हाच हेतू असेल तर मला पुनर्विक्रीचं घर जास्त पटतं.

याच रस्त्यावर थोडं पुढे, धायरी-नऱ्हे पट्ट्यात, पंधरा-वीस लाख रुपये स्वस्त फ्लॅट दिसतात. एजंट सांगतो, "मॅडम, आता महापालिकेत आलंय हे सगळं." गाव महापालिकेत आलं हे खरं (धायरी 2017 मध्ये, नऱ्हे 2021 मध्ये), पण त्यानं इमारत अधिकृत होत नाही. अर्धा गुंठा, एक गुंठा जागेवर नकाशा मंजूर न करता उभ्या केलेल्या इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र (इमारत मंजूर नकाशाप्रमाणे असून राहायला योग्य असल्याचा दाखला) नसतं. बड्या बँका तिथे कर्ज देत नाहीत, म्हणजे उद्या तुमच्याकडून घेणाराही रोखीचाच शोधावा लागतो. स्वस्ताई दिसते ती त्यामुळे.

भाडं किती येईल हे विकणाऱ्या एजंटला विचारू नये. दुसऱ्या दोन-तीन एजंटांना भाडेकरू म्हणून फोन करावा: "याच सोसायटीत 2 बीएचके हवाय, कितीपर्यंत मिळेल?" विक्रीच्या वेळी 24 हजार सांगितलेलं भाडं अशा फोनवर 20 हजारांवर येतं. शिवाय उन्हाळ्यात टँकर लागतात का, त्याची वर्गणी देखभाल खर्चात धरतात की वेगळी, लिफ्ट कधी बदलली, हे वॉचमनला विचारलं तर सेक्रेटरीपेक्षा सरळ उत्तर मिळतं.

किंमत 58 लाखांवर ठरली ती सप्टेंबरच्या मध्यावर, आणि 18 तारखेपासून पितृपक्ष. विक्रेते नवरा-बायको म्हणाले, विसार (सौदा पक्का करणारी आगाऊ रक्कम) घटस्थापनेनंतरच घेऊ. नवख्या खरेदीदाराला ही अडचण वाटते, पण कागद वाचायला याहून चांगला पंधरवडा नाही. दुसरा कोणी टोकन देऊन फ्लॅट उचलेल ही भीती नसते, आणि झेरॉक्स मागायला हक्काची सवड मिळते.

मागायचे कागद असे: बिल्डर आणि पहिला मालक यांचा मूळ करार, त्यानंतरच्या प्रत्येक विक्रीचा करार, प्रत्येकाची सूची क्रमांक 2 म्हणजे इंडेक्स टू (नोंदवलेल्या कराराचा सरकारी सारांश) आणि नोंदणीची पावती, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र, मिळकतकराची पावती, वीजबिल. ही साखळी अखंड हवी. आमच्या बाबतीत इमारत 2009 ची, आताचे विक्रेते दुसरे मालक, म्हणजे दोन करार. मधला एखादा मूळ करार हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात नोटीस आणि प्रमाणित प्रत हे सगळं विक्रेत्यानं विसाराआधी करून द्यायचं असतं. "नंतर देतो" यावर पुढे जायचं नाही.

इंडेक्स टू स्वतः काढून बघावी. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये जिल्हा, गाव आणि मिळकत क्रमांक टाकला की त्या सर्व्हे नंबरवरच्या नोंदी दिसतात. फुकट आहे, संकेतस्थळ मात्र दिवसा रडतं, रात्री उशिरा बसावं. इंडेक्स टू हा एका पानाचा कागद आहे, पण ते पान रांगेरांगेनं वाचायचं. मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, लिहून देणार, लिहून घेणार, मुद्रांक, नोंदणी शुल्क. आमच्या फ्लॅटच्या कागदात क्षेत्रफळाच्या रकान्यात 765 चौरस फूट होतं आणि मूळ कराराच्या परिशिष्टात 612. दोन्ही बरोबर: पहिलं भिंतींसकट म्हणजे बिल्टअप, दुसरं भिंतींच्या आतलं म्हणजे कार्पेट. जाहिरातीत मात्र 950 लिहिलेलं, तो जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागेचा वाटा धरलेला सुपर बिल्टअप. प्रति चौरस फूट दर कोणत्या आकड्याला लावला आहे हे कळल्याशिवाय शेजारच्या सोसायटीशी तुलना करण्यात अर्थ नाही. तुलना कायम कार्पेटवर करावी.

पार्किंगचीही तीच गत. "ओपन पार्किंग मालकीचं" असं तोंडी सांगतात. खुली किंवा स्टिल्टखालची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्येच स्पष्ट केलं आहे. जुन्या सोसायट्यांत पार्किंग सोसायटी वाटप करते. सोसायटीकडून वाटपाचं पत्र मिळालं तर पार्किंग आहे, नाहीतर नाही असं धरून किंमत ठरवावी.

जमीन कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर अजून बिल्डर किंवा मूळ जमीनमालक असेल तर सोसायटीचं अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालेलं नाही. व्यवहार त्यामुळे अडत नाही, पुण्यात अशा सोसायट्या ढिगानं आहेत. पण पुनर्विकासाची वेळ आली की आधी मानीव (बिल्डरच्या सहीशिवाय होणाऱ्या) अभिहस्तांतरणासाठी उपनिबंधकाकडे जावं लागतं. दहा-पंधरा वर्षं धरून ठेवायच्या घराला हे लागू पडतं, म्हणून किमतीच्या बोलणीत हा मुद्दा वापरावा.

मालकी हक्काचा तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घेतला, 15 हजार रुपये. बँक तिचा वकील लावते, मग आपला कशाला, असं बरेच जण म्हणतात. बँकेचा वकील बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का ते बघतो आणि अहवाल बँकेला देतो. वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस साधारण चार हजार, हरकतींची मुदत 15 दिवस. पितृपक्ष संपायला ती मुदतही संपली.

3 ऑक्टोबरला घटस्थापना, त्याच आठवड्यात विसार. विसार पावती 500 च्या मुद्रांकावर, दोन लाखांचा भरणा बँकेतून. रोखीत एक रुपयाही नको. स्थावराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे, आणि रोखीचा भाग करारात न आल्यानं पुढे तुम्ही विकाल तेव्हा नफा फुगलेला दिसतो. पावतीत तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: कर्ज नामंजूर झालं किंवा कागदांत दोष निघाला तर विसार किती दिवसांत परत, साठेखत (विक्री ठरल्याचा करार) किती तारखेपर्यंत, आणि फ्लॅटमध्ये काय काय राहणार. गिझर, पंखे, कपाटं, इन्व्हर्टर यांच्यावरून शेवटच्या दिवशी तोंड वाकडं होतं.

कर्ज किती मिळतं? रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत, 30 ते 75 लाखांच्या कर्जाला 80 टक्क्यांपर्यंत, त्याहून मोठ्या कर्जाला 75 टक्क्यांपर्यंत. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च या किमतीत धरत नाहीत, तो पूर्ण आपल्या खिशातून. मी 40 लाख घेतले, 20 वर्षं, 8.75 टक्के तरता (मुदतीत बदलत राहणारा) दर, हप्ता 35,348. तरत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड नसतो. नवऱ्याला सहकर्जदार केलं, सहमालक नाही. यामागे मुद्रांकाचा हिशेब आहे.

पुण्यात पुरुष खरेदीदाराला 7 टक्के: 5 मुद्रांक, 1 स्थानिक संस्थेचा अधिभार, 1 मेट्रोचा. निवासी घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावावर असेल तर 1 टक्का सूट. एक जरी पुरुष सहखरेदीदार आला की सूट गेली. 58 लाखांवर 6 टक्के म्हणजे 3,48,000, वाचलेले 58 हजार. नोंदणी शुल्क 1 टक्का, पण कमाल 30 हजार. मुद्रांक करारातली किंमत आणि रेडी रेकनरचं मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर बसतो; ते मूल्य आधी ई-एएसआर या ऑनलाइन सरकारी दरपत्रकात बघून ठेवावं. किंमत त्याच्यापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त खाली गेली तर फरक खरेदीदाराचं उत्पन्न धरला जातो, त्यामुळे "मस्त स्वस्तात मिळतंय" म्हणताना जरा थांबावं. आणि नाव बायकोचं, पैसा नवऱ्याचा असं असेल तर भाडं आयकरात नवऱ्याच्याच उत्पन्नात मोजतात. मुद्रांकाची सूट मिळते, आयकराची पळवाट मिळत नाही.

साठेखताची नोंदणी 12 नोव्हेंबरला झाली. त्याआधी ग्रास या सरकारी भरणा संकेतस्थळावरून मुद्रांक आणि नोंदणी शुल्काचं ई-चलन, मग पब्लिक डेटा एन्ट्री: पक्षकार, मिळकत, मोबदला हे सगळं आपणच भरायचं, त्याचा 11 अंकी क्रमांक मिळतो. बहुतेक जण हे वकिलाच्या टायपिस्टवर सोडतात. सोडा, पण प्रिंट स्वतः वाचा. नावाचं स्पेलिंग, सर्व्हे नंबर, फ्लॅट क्रमांक यांत चूक राहिली की नंतर चूक दुरुस्ती पत्र करून पुन्हा सगळ्यांना कार्यालयात आणावं लागतं. पुणे शहरातल्या मिळकतीसाठी हवेली तालुक्याच्या कोणत्याही दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी चालते. घराजवळचं न बघता गर्दी कमी असलेलं आणि लिफ्ट असलेलं निवडावं. विक्रेते वयस्क असतील तर दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची.

खिडकीवर क्रम असा: दस्त तपासणी, मग एकेकाचा फोटो आणि अंगठा, मग दोन ओळखदारांचा फोटो आणि अंगठा, मग कबुलीजबाब, म्हणजे निबंधक विचारतात, "दस्त तुम्हीच लिहून दिलाय का, मोबदला मिळाला का?" हो म्हणायचं आणि सही. अंगठा हीच खरी अडचण. भांडी-धुण्याची सवय असलेल्या किंवा साठीपुढच्या हातांच्या रेषा यंत्राला सापडत नाहीत. अंगठा कोमट पाण्यानं धुऊन, नीट पुसून, थोडा चोळून ठेवला की बहुधा उमटतो. मूळ आधार आणि पॅन प्रत्येकाकडे हवं, ओळखदारांकडेही. दस्त हाताळणी शुल्क तेव्हा पानाला 20 रुपये होतं. स्कॅन झालेला दस्त आणि इंडेक्स टू हातात पडल्याशिवाय जागा सोडायची नाही.

साठेखत आणि खरेदीखत दोन्ही कशाला, हा नेहमीचा प्रश्न. कर्ज देणाऱ्या बँकेला आधी नोंदवलेला करार लागतो आणि विक्रेत्याला पूर्ण पैसे मिळाल्याशिवाय मालकी सोडायची नसते, म्हणून साठेखत आधी, मालकी देणारं खरेदीखत नंतर. मुद्रांक साठेखतावरच पूर्ण भरला जातो, खरेदीखतावर नाममात्रच लागतो.

आता टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदारानं 1 टक्का कापून सरकारला भरायचा, त्याचा तेव्हाचा फॉर्म 26 क्यूबी, ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून 30 दिवसांत. उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये. विक्रेते दोन असतील तर फॉर्म दोन. प्रत्येकाचा वाटा 29 लाख, म्हणजे 50 च्या आत, म्हणून टीडीएस नाही, ही पळवाट 1 ऑक्टोबर 2024 पासून बंद आहे. एकूण किंमत बघतात. विक्रेत्याचं पॅन आधारशी जोडलेलं आहे का हे विसाराआधी आयकराच्या संकेतस्थळावर बघा. पॅन निष्क्रिय असेल तर दर 1 नाही, 20 टक्के लागतो आणि कमी कापल्याची नोटीस तुम्हाला येते. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर हे सगळंच बदलतं: मोठा टीडीएस, वेगळे नियम, सीए शिवाय हात घालू नये.

इथून पुढे दोन महिने नुसती वाट बघण्यात गेले. विक्रेत्यांचं स्वतःचं गृहकर्ज बाकी होतं. अशा वेळी त्यांच्या बँकेकडून उरलेल्या कर्जाचं पत्र आणि जमा कागदांची यादी मागवायची, आपली बँक पहिला धनादेश थेट त्या बँकेच्या नावानं काढते, कर्ज बंद झालं की मूळ कागद बाहेर येतात आणि ते आपल्या बँकेत जमा झाल्यावर उरलेली रक्कम विक्रेत्याला मिळते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहिला धनादेश गेला. मूळ कागद शाखेत नसतात, मध्यवर्ती गोदामात असतात, आणि "येतील, येतील" हे उत्तर ठरलेलं. डिसेंबर 2023 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत, नाहीतर बँकेच्या चुकीमुळे झालेल्या उशिराबद्दल दिवसाला 5,000 रुपये भरपाई. विक्रेत्यानं हा नियम नमूद करून लेखी अर्ज दिला की गोदाम जवळ येतं. कागद मुदत संपता संपता, जानेवारीच्या सुरुवातीला आले. यादीशी एकेक पान जुळवून घ्यावं. आमच्या यादीत असलेली नोंदणीची पावती पाकिटात नव्हती, ती आणखी आठवड्यानं आली. या काळात कर्जाच्या मिळालेल्या भागावर व्याज चालू असतं, हे खर्चात धरा.

खरेदीखत जानेवारीच्या शेवटी. आपल्या बँकेकडे मूळ कागद तारण ठेवल्याचा मुद्रांक 0.3 टक्के, म्हणजे 12 हजार, आणि त्याची सूचना ऑनलाइन दाखल करायचं शुल्क 1,300. सूचनेची मुदत 30 दिवस.

सोसायटीत सभासदत्व हस्तांतरणाचे अर्ज उपविधींच्या ठरावीक नमुन्यांत द्यायचे. हस्तांतरण शुल्क 500, प्रवेश शुल्क 100, अधिमूल्य (हस्तांतरणाचा प्रीमियम) महापालिका क्षेत्रात कमाल 25 हजार. त्यावर "विकास निधी", "ऐच्छिक देणगी" मागितली तर 9 ऑगस्ट 2001 च्या परिपत्रकाची प्रत शांतपणे पुढे ठेवावी. शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला हस्तांतरणाचा तक्ता असतो. तिथे तारीख, आपलं नाव, अध्यक्ष-सचिव-समिती सदस्यांच्या सह्या आणि शिक्का, हे सगळं आल्यावरच काम झालं. भाड्यानं दिल्यावर सोसायटी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं) लावते, ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच. मिळकतकर त्यात धरता येत नाही.

मिळकतकराबद्दल पुण्यातल्या घरमालकांना माहीत असतं, नवख्यांना नसतं. स्वतः राहणाऱ्याला पुणे महापालिका 40 टक्के सवलत देते. विक्रेता दाखवतो ते बिल सवलतीचं असतं. भाड्यानं दिलेल्या घराला ती मिळत नाही, म्हणून हिशेबात पूर्ण कर धरावा.

फेब्रुवारीत रंग, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, दोन नळ, गिझर, एकूण 1 लाख 60 हजार. भाड्याच्या घरात मॉड्युलर किचनपेक्षा कोरडी भिंत जास्त भाडं टिकवते.

भाडेकरार 11 महिन्यांचा असला तरी नोंदणी सक्तीची आहे, आणि न केल्याची शिक्षा घरमालकाला आहे, भाडेकरूला नाही. नोटरी केलेला करार चालत नाही. मुद्रांक 0.25 टक्के: 20 हजारांप्रमाणे 11 महिन्यांचं भाडं 2,20,000, आणि 60 हजार अनामतीवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज 5,500, यांच्या बेरजेवर 564, भरताना वरचा पूर्ण आकडा करून. नोंदणी 1,000, हाताळणी 300. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन वेगळी द्यायची. नोंदवलेल्या कराराचा खरा फायदा मुदत संपल्यावर कळतो: भाडेकरू निघाला नाही तर दिवाणी दावा न करता सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि तोवर दुप्पट दरानं भरपाई मागता येते.

आता हिशेब. मुद्रांक, नोंदणी, 1 टक्का दलाली, वकील, नोटीस, बँकेचं शुल्क, तारणाचा मुद्रांक, सोसायटी मिळून सुमारे 5 लाख 13 हजार. दुरुस्ती धरून 58 लाखांचं घर 64 लाख 73 हजारांना पडलं. वर्षाला एक महिना घर रिकामं धरून भाडं 2,20,000. त्यातून देखभाल 31,200, बिनभोगवटा 2,400, मिळकतकर 15,000, किरकोळ दुरुस्ती 10,000 वजा केल्यावर 1,61,400. म्हणजे अडीच टक्के. महिन्याला साडेतेरा हजार हातात आणि 35 हजारांचा हप्ता. जवळपास 22 हजार पगारातून घालावे लागतात. "भाड्यातून हप्ता फिटतो" हे पुण्यात मोठं कर्ज घेऊन घडत नाही. हे 22 हजार दर महिन्याला, नोकरी बदलली तरी, आजारपण आलं तरी काढता येतील का, हा प्रश्न विसाराआधी विचारावा. सहा हप्ते वेगळे ठेवून मगच पुढे जावं.

आयकरात भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा, उरलेल्यातून सरसकट 30 टक्के वजा, मग कर्जाचं व्याज. देखभाल खर्च वेगळा वजा होत नाही. पहिल्या वर्षाचं व्याज साधारण 3 लाख 47 हजार, त्यामुळे कागदावर तोटाच. जुन्या करप्रणालीत त्यातले 2 लाखांपर्यंत पगारातून वजा होतात. नव्या प्रणालीत नाही. तिथे भाड्यावर कर लागत नाही एवढाच फायदा. "व्याजावर कर वाचेल" म्हणून घर घेणाऱ्यांनी आपण कोणत्या प्रणालीत आहोत ते आधी बघावं.

एका फाइलमध्ये इंडेक्स टू, चलनं, दलालीची पावती, वॉटरप्रूफिंगचं बिल आणि फॉर्म 16 बी (टीडीएस भरल्याचं प्रमाणपत्र) ठेवून द्यावं. 24 महिन्यांनंतर विकलं तर नफा दीर्घकालीन ठरतो आणि जुलै 2024 नंतर घेतलेल्या घराला महागाई निर्देशांकाचा लाभ नाही, दर सरळ 12.5 टक्के. खरेदी खर्चात मुद्रांक आणि दलाली धरता येते, पण पावती असेल तरच. दलालाकडून पावती त्याचे पैसे देण्याआधी मागायची, नंतर तो फोन उचलत नाही.